अर्धा आटा

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आई-वडिलांच्या आधी रेडिएटरवाल्या मामांचं नाव घेतो. वडिलांना त्याचं वाईट वाटत नाही. "बरोबर हाय की," असं तेच म्हणतात.

मामा आठवले की मला आधी त्यांचा उलटा हात दिसतो. गाडी वाफा सोडत दारात आली की मामा तो हात बॉनेटवर टेकवायचे, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा, आणि म्हणायचे, "तडी. गार होऊ दे की आधी." तडी म्हणजे कन्नडमध्ये थांब.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या कडेला त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. दुकानात पितळ सांधायचा झाळकामाचा दिवा, मागे पाण्याचा हौद. गळका रेडिएटर हौदात बुडवायचा, त्यात हवा भरायची आणि बुडबुडे कुठून येतात ते बघायचं. ट्रकवाले नेहमी घाईत असायचे.

"मामा, सिमेंट उतरवायचंय ओ. मालक शिव्या देतंय."

"शिव्यांनी कुनी भाजत न्हाय. आत्ता टोपण उघडलास तर तोंड भाजंल. च्या पी."

चहा होईपर्यंत गाडीही निवायची आणि ड्रायव्हरही. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्यासमोर भांडण टिकत नाही.

ते माझ्या आईच्या माहेरचे, दुधनीकडचे, म्हणून मामा. रक्ताचं नातं काही नाही. बारावीनंतर मी सोलापूरला आलो तेव्हा वसतिगृहात जागा मिळाली नव्हती. "माळा रिकामा हाय," एवढंच मामा म्हणाले. दुकानावरच्या त्या माळ्यावर मी पदवी होईपर्यंत राहिलो. खालून अ‍ॅसिडचा वास यायचा, आणि दुपारी मामींच्या डब्यातली भाकरी आणि शेंगाचटणी. त्या डब्यातलं खाताना मला लाज वाटायची. मी कमी खायचो. मामा बघायचे आणि माझ्या पुढ्यात आणखी एक भाकरी टाकून तोंड फिरवायचे, म्हणजे मला नको म्हणता येऊ नये.

पहिल्या वर्षी मी इंग्रजीत नापास झालो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. गावात काय तोंड दाखवू, म्हणून रडतच पिशवी भरली आणि गावी निघालो. मामांनी पिशवी बघितली आणि काहीच विचारलं नाही. ट्रकचा रेडिएटर धरायला लावला, जेवू घातलं, झोपायला सांगितलं. सकाळी चहाचा कप हातात देऊन म्हणाले, "हां, आता सांग." तोवर सांगण्यासारखं फार काही उरलंच नव्हतं. मी पिशवी परत माळ्यावर नेली.

पुढे मी कॉलेजात शिकवायला लागलो. मग एक जुनी मोटार घेतली. ती आधी मामांच्या दुकानात नेली. त्यांनी नारळ फोडला, हार घातला आणि सगळ्या गल्लीला बजावलं, "ह्या गाडीला माझ्याशिवाय कुनी हात लावायचा न्हाय. आमच्या पोराची हाय."

बॉनेट उघडल्यावर मात्र त्यांचं तोंड वाकडं झालं. त्यांची हयात पितळेत गेलेली. या गाडीच्या रेडिएटरची टाकी प्लास्टिकची होती, आणि पाण्याचा पाइप ज्या तोटीवर चढतो ती तोटीही प्लास्टिकची. "बादली हाय रं ही," ते म्हणाले.

गेल्या उन्हाळ्यात तो पाइप फुगला. मामांनी नवीन पाइप चढवला, वर लोखंडी पट्टा घातला आणि पेचकसाने आवळायला घेतला. समोरच्या स्पेअर पार्टच्या दुकानाचा मालक आणि दोन ड्रायव्हर बघत उभे होते.

"बास की मामा," दुकानदार म्हणाला.

"अजून अर्धा आटा."

हे त्यांचं नेहमीचं. कुठलाही पट्टा पुरेसा आवळून झाला की ते वर स्क्रूचा अर्धा आटा फिरवायचे. पितळेची तोटी तो अर्धा आटा सोसते आणि मग पाइप वर्षानुवर्षं हलत नाही. त्यांच्या हाताखालून गेलेल्या सगळ्या गाड्यांत तो अर्धा आटा होता.

टक्, असा आवाज आला. तोटीचं तोंड पाइपातच राहिलं आणि हिरवं पाणी मामांच्या पायांवर सांडलं.

"मामा, बादलीचा कान उपटला की तुमी!" दुकानदार ओरडला. ड्रायव्हर हसले. मीही हसलो. गल्लीत एरवी मामाच सगळ्यांची टर उडवायचे, त्यामुळे आता तेच काहीतरी तिखट बोलतील अशी मी वाट बघत होतो.

मामांनी मान खाली घातली. "तुमचं नुकसान झालं, सर," ते म्हणाले.

मी मागे वळून बघितलं. कुणाला म्हणतायत ते मला कळलंच नाही. मग कळलं, आणि मी अंग चोरून घेतलं. ज्यांच्या ताटातलं मी खाल्लं, ते माझ्यापुढे मान खाली घालून उभे होते.

त्यांनी एका मोडीत निघालेल्या ट्रकच्या रेडिएटरची पितळी नळी कापली. कानशीने घासून ती मोडक्या तोटीच्या आत बरोबर बसेल एवढी केली. पितळेला पितळ झाळता येतं, प्लास्टिकला झाळ धरत नाही, म्हणून नळी दोन ट्यूबा कालवून केलेल्या चिकटवणीने बसवली. दुसऱ्या दिवशी रेडिएटर हौदात बुडवला. एकही बुडबुडा नाही. एरवी असं झालं की मामा हौदातलं पाणी आमच्या अंगावर उडवायचे. त्या दिवशी त्यांनी हात पुसले. पाइप चढवला, पट्टा आवळला, पण अर्धा आटा फिरवला नाही.

"चालंल. पन नवीन टाकी बसवून घ्या," ते म्हणाले. "दुसरीकडनं."

त्या आठवड्यात दुकानाला कुलूप लागलं. मामा-मामी दुधनीला भावाकडे गेले होते. किल्ली समोरच्या दुकानदाराकडे होती. तो बिचारा माझ्याशी डोळे न मिळवता म्हणाला, "मी हसाया नको हुतं ओ, सर." हसलो तर मीही होतो.

फोन केला की मामी उचलतात. "रानात गेल्यात," म्हणतात. एकदा मागून मामांचा खोकला ऐकू आला. पुढच्या रविवारी मी दुधनीला गेलो, तर खरंच घरी नव्हते. मामींनी जेवू घातलं आणि मी निघताना त्या हळूच म्हणाल्या, "हत्यारं तेल लावून ठिवल्यात. रोज पुसत्यात."

मी टाकी बदलली नाही. परीक्षेच्या कामाला अकलूजला गेलो, श्रीपूरला गेलो, भर उन्हात गेलो. सगळे म्हणतात, नवीन घाला, वाटेत दगा देईल. मी रोज सकाळी बॉनेट उघडून तोटीला बोट लावतो. बोट कोरडं निघतं. या महिन्यात पहिल्यांदा थोडं ओलसर लागलं. पितळी नळी पक्की आहे, पट्टा तेवढा सैल झालाय. पेचकस मी दोनदा हातात घेतला आणि खाली ठेवला.

मामा कन्नड शाळेत शिकले. मराठी अक्षरं त्यांनी ट्रकच्या पाट्या वाचून ओळखीची केली. म्हणून काल मी त्यांना पत्र लिहिलं ते पाटीवरच्यासारख्या मोठ्या अक्षरांत.

"मामा, नमस्कार.

तुम्ही बसवलेली नळी टिकली आहे. टाकी तीच आहे. पट्टा सैल झाला आहे. मी कुणाला हात लावू दिलेला नाही, तुम्हीच तसं बजावलं होतं.

त्या दिवशी मी हसलो. फार लाज वाटते. तुम्ही मला सर म्हणालात, त्याची त्याहून जास्त वाटते.

पट्टा किती आवळायचा ते तुम्ही ठरवा. तोटी तुटली तर दोघं मिळून परत बसवू.

तुम्ही याल त्या दिवशी गाडी सकाळपासून दुकानासमोर उभी ठेवीन. गार असेल.

तुमचा पोरगा."