रिकामं कपाट, दुसरा मजला

मी कमी बोलते, म्हणून माझ्या हातून घोटाळे होत नसतील असं वाटतं ना तुम्हाला? मग हे ऐकाच.

लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता. उदगीरहून माझं माहेरचं लोखंडी कपाट टेम्पोनं नांदेडला आलं. आईनं त्यात गुपचूप पाटा-वरवंटा ठेवलेला, माझ्या शालूत गुंडाळून. गुपचूप अशासाठी, की सासूबाईंनी बैठकीतच बजावलं होतं, "मिक्सर हाय आमच्याकडं. दगडं पाठवू नका." पण पाट्यावरच्या चटणीशिवाय माझा घास उतरत नाही, त्याला मी काय करू?

घर दुसऱ्या मजल्यावर. हमालांच्या मुकादमानं टेम्पोपाशीच विचारलं, "वहिनी, रिकामं हाय ना? आपली बोली रिकाम्याची झाली."

सासूबाई शेजारीच उभ्या. मी मान हलवली. नव्या सुनेची मान तशीही दिवसभर हलतच असते.

पहिला मजला नीट पार पडला. पुढच्या वळणावर त्यांनी कपाट तिरकं केलं, आणि आत काहीतरी या टोकापासून त्या टोकापर्यंत गडगडत गेलं. चौघांनी कपाट तिथंच टेकवलं. जिना बंद. खालच्या काकू दळणाचा डबा घेऊन मागं अडकल्या.

"मावशी, मस्करी करून राहिले का?" मुकादम म्हणाला. "ह्याच्यात माणूस हाय."

"काय बी बोलू नको. सून म्हनली ना, रिकामं हाय?"

"म्हनल्या कुठं? मान हलवली."

"मंग आमच्या सुनेची मान खोटी हाय का?"

सासूबाई पहिल्यांदाच माझ्या बाजूनं भांडत होत्या, आणि कपाटाची किल्ली माझ्या कमरेला टोचत होती. आवाज चढत गेले. वरचे खाली आले, खालचे वर.

"उघडून दाखव गं ह्यांना," सासूबाई म्हणाल्या. "तोंडं बंद होऊ दे यांची."

उघडलं. शालूतून वरवंटा निसटला, एक पायरी उतरला आणि नमस्काराला वाकावं तसा सासूबाईंच्या पायाशी येऊन थांबला.

तोंडं खरंच बंद झाली. सासूबाईंचं पण.

त्यांनी वरवंटा उचलला. "पाटा तू घे," एवढंच म्हणाल्या. पाटा पोटाशी धरून मी साऱ्या बिल्डिंगसमोर वर गेले आणि धापा टाकत खाली आले.

मुकादमानं डोक्यावरची चुंबळ नीट केली. "वहिनी, आता रिकामं हाय ना?"

मी मान हलवली.

चौघांपैकी एकानंही कपाटाला हात लावला नाही.