देव्हाऱ्यातला फुटबॉल

मी सोलापुरात पोरींना फुटबॉल शिकवते आणि त्याचाच पगार घेते. माझ्या आधी आमच्या घरात हे फक्त धाकट्या चुलत्याला जमलं होतं. मंद्रूपच्या माळावर मेंढरं राखता राखता तो अनवाणी खेळायला शिकला आणि फौजेनं त्याला फुटबॉलसाठी म्हणून उचललं. चेंडूला लाथा मारायचा पगार मिळतो, हे तोवर आमच्याकडं कुणी ऐकलेलं नव्हतं. आजोबा म्हणे लोकांना सांगायचे, पोरगं नोकरीला लागलंय, पण काम काय करतंय ते तेवढं विचारू नका.

मग लढाई लागली. लढाईत खेळाडू म्हणून कुणाला बाजूला काढत नाहीत. चुलता गेला. मी तेव्हा रांगत होते, त्यामुळं तो मला आठवत नाही; उगाच आठवतो म्हणून सांगणार नाही.

शेवटच्या सुट्टीत त्यानं टीमचा एक जुना फुटबॉल घरी आणला होता आणि स्वतः पंपानं हवा भरून फळीवर ठेवला होता. बातमी आल्यावर तो चेंडू देव्हाऱ्यात गेला. पुढं आम्ही सगळे सोलापुरात अक्कलकोट रोडला राहायला आलो, वडील टॉवेलच्या कारखान्यात लागले. खंडेनवमीला तिकडं मागाला हार घालायचा आणि घरी येऊन फुटबॉलला हळदकुंकू वाहायचं. पूजेला लागलेल्या वस्तूला पाय लावायचा नसतो, झालं, चेंडूचा देव झाला! दरवर्षी तो मऊ पडत गेला आणि शेवटी गार पुरीसारखा बसला. पण चुलत्याची बायको, म्हणजे माझी काकी, कुणाला हवा भरू देईना. आतली हवा त्यांनी भरलीय, म्हणायची.

आणि असल्या घरात मला फुटबॉलचं वेड लागलं. शाळेत मुलींची टीम निघाली, माझं नाव आलं. जेवताना सांगितलं तर वडिलांनी ताटातला हात काढला. फुटबॉलनं भाऊ फौजेत नेला, फौजेनं लढाईत नेला, आता पोरगी देणार नाही; विषय संपला. मी रडले, रुसले, उपाशी झोपले. आमच्यात उपाशी राहून कुणी हलत नाही, उलट भाकरी वाचते. वडील भ्यालेले होते, हे मला तेव्हा कुठं कळत होतं! नुसता राग राग केला त्यांचा.

काकी दुसऱ्या दिवशी सकाळी उठली, देव्हाऱ्यातून चेंडू काढला आणि पदरानं त्यावरचं हळदकुंकू पुसलं. आई अगं अगं करेपर्यंत ती चपला घालून बाहेर, आणि मी तिच्या मागं.

कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानात तिनं चेंडू दिला. दुकानदारानं सुई घालून चेंडू जरा दाबला तशी आत उरलेली हवा सुस् करून बाहेर यायला लागली. काकीनं पंप लावू दिला नाही. पुढं सरकून तिनं सुईसमोर तळहात धरला, आणि हवा यायची थांबेपर्यंत तसाच धरून राहिली. दुकानदार बिचारा चेंडू दाबून धरून उभा होता.

मग म्हणाली, "आता भर."

परत आलो तर वडील सायकल काढून दारात उभे. काकीनं चेंडू माझ्या पायाशी ठेवला. माझा अंगठा लागला मात्र, सवयीनं मी वाकले आणि चेंडूला हात लावून कपाळाला नेला. काकी भडकलीच.

"पाया काय पडतीस? लाथ मार की!"

माझं सगळं आयुष्य त्या एका ओरडण्यावर उभं आहे. तिचे उपकार मी कसे फेडणार? फेडायचेही नाहीत मला.

वडिलांपुढं ती कधी मान वर करून बोलत नसे. त्या दिवशी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्यांच्याकडं बघत म्हणाली, "भावजी, चेंडूनं न्हाय नेलं त्यास्नी. लढाईनं नेलं. चेंडूनं तर लई सुख दिलं हुतं."

मी डोळे मिटून लाथ मारली. चेंडू वेडावाकडा उडाला आणि वडिलांच्या सायकलीवर आपटून घरंगळला. वडिलांनी सायकल भिंतीला टेकवली, पायातली चप्पल काढून ठेवली आणि चेंडू पायानं माझ्याकडं ढकलला.