दगडावरची सुईण

पुदुच्चेरीच्या जुन्या दफनभूमीत एक बाई काथ्याने थडग्यांवरचं शेवाळ घासत होती. फ्रेंच वसाहतीच्या सुरुवातीच्या काळातली ती थडगी. आमचा गाईड दगड वाचून दाखवत होता. हा कप्तान, हा व्यापारी, हा पाद्री. बायकांच्या दगडांवर मात्र कप्तानाची पत्नी, व्यापाऱ्याची विधवा, एवढंच.

एका बुटक्या दगडापाशी तो थांबला. “ही सुईण होती. नवऱ्याचं नावच नाही.”

शेवाळ घासणारी बाई तमिळमध्ये काहीतरी म्हणाली. गाईड हसला. “म्हणते, गोऱ्यांच्या वस्तीत काय नि आमच्या वस्तीत काय, हिला सगळीच दारं उघडी असणार.”

मी त्या दगडावरून हात फिरवला. चौतीस वर्षं मी प्रसूतिगृहात परिचारिका होते. निवृत्त झाल्यावर लोक मला ‘साहेबांच्या मिसेस’ म्हणू लागले आणि मीही ओ देऊ लागले. इथे एका बाईची ओळख मात्र तिच्या कामानेच शिल्लक राहिली होती.

संध्याकाळी चहाच्या टेबलावर सहलीतल्या एका बाईंनी विचारलं, “तुमचे मिस्टर काय करायचे?”

“ते बँकेत होते,” मी म्हणाले, “आणि मी बाळंतपणं करायचे.”

त्यांनी खुर्ची जवळ ओढली. त्यांच्या लेकीला सातवा महिना लागला होता.