ब्रेकच्या पट्ट्यांची भिंत

गिऱ्हाईक दारात आलं की ज्याचं डोकं फिरतं असा कारागीर अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकच होता, आणि माझं दुर्दैव असं की माझी मोटार त्याच्याखेरीज कुणाला वठणीवर आणता येत नव्हती. विदर्भ नुकताच मुंबई राज्याला जोडला गेला होता, त्याच सुमारास ही जुनी मोटार आमच्या दारात आली. दोन्ही बाबतींत मला कुणी विचारलं नव्हतं. मोटारीचा ठराव आमच्या सौभाग्यवतींनी परस्पर पास केला होता. तेव्हापासून मी यवतमाळच्या कोर्टात वकील आणि मिस्त्रीच्या टपरीत आरोपी. आमचा मिस्त्री दिसायला काटकुळा, दाढी अर्धी पांढरी आणि अर्धी ग्रीसने काळी, पण आवाज असा की पलीकडच्या कापसाच्या जिनिंगमधले हमाल दचकावेत. गाडी बिघडली याचा त्याला राग नसे. इंजिन धूर ओको, दार निखळो, तो मुकाट्याने दुरुस्त करी. ब्रेकचं लायनर, म्हणजे चाकाच्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारी ती पट्टी, वेळेआधी झिजलेली दिसली की मात्र त्याच्या अंगाचा तिळपापड होई.

ब्रेक ही वापरायची नव्हे, राखायची वस्तू आहे, हे त्याचं शास्त्र. "वकीलसाहेब, ब्रेक पायानं नाई लागत, डोळ्यानं लागते," तो कडाडे. "दुरून बैलाची बंडी दिसली का पाय उचला. गाडी आपल्या आपण हळू होते. बैलाले कळते, तुमाले काहून नाई कळत?" ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, नाला ओलांडला की ब्रेक दोनदा हलके दाबून सुकवा, असे धडे तो मला चारचौघांत देई. ब्रेकच्या पेडलवर पाय टेकवून बसायची माझी सवय तर त्याने "हे काय पायदान होय का?" असं विचारून रस्त्यावरच मोडली. एकदा मी मुकुटबनला पक्षकाराचं शेत पाहायला गेलो आणि येताना हँडब्रेक अर्धवट ओढलेलाच राहिला. गाडी रेंगाळते म्हणून मी वाटभर तिला शिव्या घालत होतो. मिस्त्रीने चाकापाशी उकिडवं बसून नुसता वास घेतला आणि विचारलं, "चालवत आणली का फरफटत आणली?" वर माझा हात धरून ड्रमला लावला. बोटं चांगली भाजली. "आता ध्यानात राहीन," एवढंच म्हणाला आणि पान खायला निघून गेला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात, त्या दिवशी हा सगळ्या गाड्या बोलावून ड्रम उघडी. बैलाला वर्षातून एक दिवस मान आहे, चाकाला का नको, असं त्याचं म्हणणं. एका पोळ्याला बसवलेलं लायनर पुढच्या पोळ्यापर्यंत टिकलं नाही, तर ती झिजकी पट्टी तारेत ओवून टपरीच्या भिंतीवर टांगली जाई, आणि तिच्याखाली मालकाच्या नावाचा पुठ्ठा. मिस्त्रीला लिहिता येत नसे, म्हणून तो पुठ्ठा ज्याचा त्याने लिहायचा! ज्याच्या सहीला कोर्टात मान, तो मी भर रस्त्यात उभा राहून कोळशाने स्वतःची बदनामी लिहीत होतो. दोन वर्षांत दोनदा. येणारेजाणारे ती भिंत वाचत. एका पक्षकाराने मला तोंडावर सांगितलं, "साहेब, केस तरी सांभाळून चालवजा." त्या दिवशी मी घरी येऊन जेवलोही नाही. तिसऱ्या वर्षी शपथच घेतली, या म्हाताऱ्याचं तोंड बंद करीन. वर्षभर मोटार अशी हाकली की सायकली पुढे निघून जात. सौभाग्यवतींनी माझ्याबरोबर बसणं सोडून दिलं. श्रावण सरत आला, पोळा आठ दिवसांवर आला, आणि लायनर शाबूत होतं.

त्या रविवारी दुपारी मिस्त्री धावत आमच्या घरी आला. आर्णीला दिलेली त्याची एकुलती मुलगी सकाळपासून बाळंतपणात अडली होती. तिला यवतमाळच्या दवाखान्यात हलवा, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि आर्णीत गाडी मिळत नव्हती. हा निरोप एका एसटीच्या ड्रायव्हरने आणला होता. "माझे हात ठिकाणावर नाईत, वकीलसाहेब. तुमीच चालवा," तो म्हणाला. मी चालवली, त्यानेच शिकवल्याप्रमाणे. घाटाच्या तोंडाशी खालचा गिअर टाकला मात्र, आणि शेजारी भडका उडाला.

"काय बैलगाडी हाकून राह्यले? सोडा तिले! ब्रेक कायले दिला हाय मंग?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभराची तपश्चर्या! "मिस्त्री, लायनर जळेल!" मी ओरडलो.

"जळू द्या! पोरगी मरून राह्यली माझी!"

मग मी काही पाहिलं नाही. वळणावर करकचून ब्रेक, गुरं आडवी आली की ब्रेक, पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. जळक्या लायनरचा वास गाडीभर कोंडला. ज्या वासावर हा माणूस जन्मभर पेटून उठला, तोच वास नाकात जात असताना तो "और पळवा, और पळवा" म्हणून माझ्यावर खेकसत होता. आर्णी येईपर्यंत आम्ही एकमेकांशी भांडलो. मुलीला मागच्या सीटवर निजवलं तेव्हा कुठे भांडण थांबवून माघारी निघालो. संध्याकाळी यवतमाळच्या दवाखान्यात तिला मुलगा झाला. बाळ-बाळंतीण दोघं वाचली. मिस्त्री पायरीवर बसून रडला. मलाही भरून आलं, आणि खोटं कशाला बोलू, लायनरचं दुःखही झालंच.

पोळ्याच्या आदल्या दिवशी ड्रम उघडला. पट्टी झिजून पार तिच्या खिळ्यांपर्यंत, रिव्हेटपर्यंत, गेली होती. मिस्त्रीने तार काढली, पुठ्ठा आणि कोळसा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "लिहा."

"लाज नाही वाटत?" मी भर बाजारात किंचाळलो. "ही कुणापायी जळली?"

"वरडता काहून? तुमचं लिहा म्हणलं का मी? माझं नाव लिहा."

मी कोळसा धरून तसाच उभा राहिलो. तीन वर्षांत या माणसाचं नाव मी विचारलंच नव्हतं. मिस्त्री म्हणजे मिस्त्री. त्याने खाली मान घालून नाव सांगितलं आणि मी लिहिलं. इतकं वळणदार अक्षर मी वकीलपत्रावरही कधी काढलं नसेल. ती पट्टी त्याने माझ्या दोन पट्ट्यांच्या मधोमध टांगली.

पुढे नजर अधू झाली तेव्हा तो आर्णीला लेकीकडे राहायला गेला आणि टपरी बंद पडली. जाताना त्याने माझ्या दोन्ही पट्ट्या जावयाच्या हाती पाठवून दिल्या. पुठ्ठे काढून टाकले होते. निरोप होता, "वकीलसाहेबाले आता चालवता येते." स्वतःची पट्टी मात्र तो बरोबर घेऊन गेला, पुठ्ठ्यासकट. आता तो या जगात नाही. आजही दूरवर बंडी दिसली की माझा पाय आपोआप उचलला जातो, गाडी हळू होते, ब्रेक दाबावा लागत नाही. आणि शेजारच्या रिकाम्या सीटवरून माझ्यावर कुणी ओरडत नाही, याचा मला भयंकर राग येतो.