मिस्त्री आणि फिंतासचा कच्चा स्लॅब

मिस्त्री सकाळी एक वाक्य बोलत आणि मग डबा उघडेपर्यंत तोंड उघडत नसत. "खिळा वाकला तर आधी आपला हात बघावा." झालं. कुवेतमधल्या फरवानियाच्या खोलीत आम्ही सगळे त्या वाक्यावर रात्री जेवताना भांडायचो. ते देवगडकडचे, सेंटरिंगचे, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या-टेकूंच्या कामाचे मुकादम. मी त्यांच्या हाताखाली होतो, पण ऐकून घेणारा नव्हतो. आजही नाही.

आमच्यातला एक जण सुपरवायझर झाला आणि ओळख दाखवेनासा झाला. मिस्त्री म्हणाले, "शिडी चढलेल्याला खालच्यांची टाळूच दिसते. मान आपणच वर करायची." मी करणार नाही म्हटलं. "मग टाळू तरी विंचरून ठेव," म्हणाले.

नव्वदच्या ऑगस्टात इराकी फौज शिरली तेव्हा आमचा फिंतासच्या इमारतीचा स्लॅब नुकताच भरून झाला होता. मालक सौदीला पळाला. अडकलेली काही कुटुंबं उन्हाला आडोसा म्हणून त्या स्लॅबखाली येऊन राहिली. गॅस मिळेना, तेव्हा चुलीसाठी त्यांची नजर लाकडी टेकूंवर गेली. स्लॅब कच्चा. टेकू काढले असते तर तो त्यांच्याच अंगावर आला असता. मिस्त्रींनी आपली वळकटी तिथेच नेली. सकाळ-संध्याकाळ वर पाणी मारायचे, मधल्या वेळात टेकू राखायचे.

अम्मानला जाणाऱ्या बसमध्ये आमची नावं लागली. तिथून मुंबईचं विमान. मी सांगायला गेलो. मालक नाही, कंपनी नाही, आता कोणासाठी बसलात, म्हणून विचारलं.

"मालक पळाला. छत कुठं पळालंय?"

पुन्हा बस मिळेल की नाही कोण जाणे, मी म्हणालो.

"मग तू जा. तुझ्यासारख्या चौथी पास माणसाला समजावत बसलो तर माझं पाणी मारायचं राहतं."

मला कोणी जा म्हटलं की मी जात नाही. बस गेली.

स्लॅब पक्का झाल्यावर मिस्त्रींनी सगळ्यांना बाहेर काढलं. आम्ही टेकू सोडवत आणले. शेवटचा राहिला तेव्हा त्याच्या शेजारी चटई टाकून ते मांडी घालून बसले. बाहेर या म्हटलं तर हलेनात.

"ज्यानं भरला त्यानं खाली बसावं. आमच्याकडे असंच असतं. मार."

मी टेकूखालची पाचर उडवली. थोडी धूळ त्यांच्या केसांत पडली, बाकी काही नाही. ते उठले, चटई झटकली आणि बाहेरच्या बायांना हिंदीत म्हणाले, आता राहा, लाकडंही घ्या.

पुढे दुसरी बस मिळाली. वाळवंटातल्या छावणीत त्यांना खोकला लागला, तो मुंबईत उतरलो तरी होता. ते देवगडच्या एसटीत बसले. त्याच वर्षी थंडीत वारले, असं त्यांच्या गावच्या माणसाकडून कळलं.

एक्याण्णवच्या अखेरीस मी परत कुवेतला गेलो, मुकादम म्हणून. मंगफच्या स्लॅबचा शेवटचा टेकू निघायचा होता. मी खाली जाऊन बसलो. इंजिनीयर ओरडला, बाहेर ये, अक्कल आहे का. मला मिस्त्रींसारखी वाक्यं जुळवता येत नाहीत. "भरलाय मी," एवढंच म्हणालो आणि पाचर मारायला सांगितली.