नवी आवृत्ती आणि लोला इतांगची बिबिंका

बारांगाय हॉलच्या, म्हणजे गावच्या कचेरीच्या, भोंग्यावरून सेक्रेटरी देल्फिन वाट्टेल ते वाचून दाखवायचा. कुत्र्यांना लस कधी टोचणार, कुणाची बकरी हरवली, पाणी कधी जाणार, सगळं एकाच गंभीर आवाजात. तेव्हा हॉलच्या संगणकात ब्राउझरची नवी आवृत्ती येणार हे कळल्यावर तो गप्प बसणं शक्यच नव्हतं.

"बारिंगानच्या नागरिकांनो, पुढच्या महिन्यात आपला ब्राउझर नवा होतोय. त्यात न वापरलेली पानं आपोआप झोपी जातील."

हॉलच्या ओट्यावर तिबा एका बाळाला झोळीच्या काट्यात घालून वजन करत होती. गावची आरोग्यसेविका ती. "आपल्या कौन्सिलरांना ही सोय केव्हापासूनच आहे," ती बाळाच्या आईला म्हणाली.

"शिवाय ब्राउझर पान मोठ्यानं वाचून दाखवेल," भोंगा म्हणाला.

"मग देल्फिन, तू काय करशील रे? मासे पकडशील?"

"आणि उघडल्या उघडल्या, या संगणकावर सगळ्यात जास्त पाहिलेली पानं मोठ्या चौकोनांत चित्रांसकट दिसतील. सगळ्यात जास्त पाहिलेलं, सगळ्यात पहिलं."

तिबाचं हसू तिथंच विरलं. बाळ झोळीत लोंबकळत राहिलं आणि वजन लिहायचं ती विसरून गेली.

तिबाचं पाळण्यातलं नाव प्रिमितिवा, पण ते फक्त पाद्रीबाबांना ठाऊक. गाव तिला ओळखायचं ते बिबिंकेसाठी. जत्रेतल्या बिबिंका स्पर्धेत गेली कित्येक वर्षं तिच्यापुढे कुणाचं काही चालत नव्हतं. केळीच्या पानावर तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध ओतून, खालीवर निखारे ठेवून ती अशी बिबिंका भाजायची की परीक्षक बोटं चाटत दुसरा तुकडा मागायचे. कुणी विचारलं की ती डोळे मिटायची आणि सांगायची, "लोला इतांगनं जाता जाता माझ्या कानात सांगितलं. शेवटचा शब्द 'खोबरं' होता."

खरं म्हणजे आजीला, लोला इतांगला, साधा भातही धड शिजवता येत नव्हता. ती किनाऱ्यावर मासे सुकवायची. आईबापांविना उरलेल्या नातीला तिनं त्या सुक्या माशांवर वाढवलं, शाळेत घातलं. वास दोघींच्या केसात बसलेला. शाळेत कारिदाद नावाची मुलगी नाकाला रुमाल लावून आपलं बाक लांब सरकवायची, आणि तिची आई वाऱ्याची दिशा बघून रस्ता बदलायची. लोला मेली तेव्हा मयतीला आलेले लोकसुद्धा दारातच उभे राहिले. हे तिबाच्या मनातून कधीच गेलं नाही. म्हणून पहिलं बक्षीस मिळालं आणि लोकांनी "कुणाकडून शिकलीस?" असं विचारलं, तेव्हा तिच्या तोंडून आजीचंच नाव निघालं.

शिकली होती ती हॉलच्या संगणकावरून. बाळांची वजनं भरता भरता तिनं एक पान उघडलं होतं. एकदा, आणि मीठ विसरलं म्हणून पुन्हा एकदा.

आता गोष्ट गळ्याशी आली होती, कारण यंदा गावचा प्रमुख कापितान, सगळ्यांचा 'काप', नवा फिरता चषक ठेवणार होता आणि त्याला लोला इतांगचं नाव द्यावं असा ठराव सभेपुढे यायचा होता. त्याच सभेत मोठ्या टीव्हीला संगणक जोडून देल्फिन नव्या ब्राउझरचं उद्घाटन करणार होता.

"देल्फिन, जुनी पाहिलेली पानं पुसता येतात का रे?" तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"येतात मानांग," मोठ्या बहिणीला हाक मारावी तसं तो म्हणाला, "पण पुसायची नाहीत. मागे कुणीतरी कुत्र्यांच्या लसीची सगळी माहिती पुसली, तेव्हापासून कापचा हुकूम आहे. का, काय झालं?"

"काही नाही. कुत्र्यांची काळजी वाटली."

पुसता येत नसेल तर बुडवता येईल, असं तिनं ठरवलं. रोज दुपारी ती संगणकापुढे बसायची आणि डेंग्यूचं पान उघडायची, बंद करायची, पुन्हा उघडायची. बोट दुखलं की दुसऱ्या हाताचं बोट. देल्फिन कौतुकानं बघत राहिला, आणि संध्याकाळी भोंग्यावरून गावाला कळलं की मानांग तिबा डेंग्यूचा सखोल अभ्यास करते आहे. दोन बायका लगेच पिंपातलं पाणी ओतून आल्या.

सभेला सगळं गाव आलं. पुढच्या बाकावर स्पर्धेतल्या झाडून सगळ्या बायका, मध्यभागी कारिदाद पंखा हलवत. देल्फिननं इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यानं बटण दाबलं, टीव्ही उजळला, चौकोन उमटले.

डेंग्यूचा डास दुसऱ्या चौकोनात होता. पहिल्यात सोनेरी, फुगलेली, गरमागरम बिबिंका.



"वा," देल्फिन म्हणाला. "आता हेच पान ब्राउझर वाचून दाखवेल." आणि कुणी त्याला थांबवायच्या आत ब्राउझर खणखणीत आवाजात वाचू लागला, "ही बिबिंका माझ्या आजीनं मला जाता जाता कानात सांगितली. तिचा शेवटचा शब्द होता, खोबरं."

टीव्हीवर ॲप्रन घातलेला, लाल दाढीचा एक परदेशी माणूस हसत होता. सगळ्यांच्या माना तिबाकडे वळल्या. ती उठली ती पळून जायलाच. तिला लाज वाटली, आणि त्याहून वाईट म्हणजे लोलाच्या मयतीचे लोक पुन्हा दारातच थांबल्यासारखं वाटलं.

"कमाल आहे," देल्फिन चौकोनाकडे बघत म्हणाला. "मानांग इतके दिवस डेंग्यूवर बसली होती, तरी हे पान पुढेच. किती लोकांनी इथं येऊन उघडलं असेल हे?"

तिबा थांबली. तिनं तर दोनदाच उघडलं होतं.

तिनं पुढच्या बाकाकडे नीट पाहिलं. एक बाई चपलेचा अंगठा निरखत होती. दुसरीला अचानक खोकला आला. कारिदादचा पंखा थांबला होता आणि तिच्या कपाळावर घाम फुटला होता. कापितानची बायको तर छताकडे बघत होती, जणू तिथं पाल असावी. तिबाच्या मनात लख्ख उजेड पडला. ती परत वळली आणि टीव्हीसमोर जाऊन उभी राहिली.

"बघितलंत ना? माझ्या लोलाची पाककृती चोरली या दाढीवाल्यानं. तिचे शेवटचे शब्दसुद्धा सोडले नाहीत मेल्यानं. आता ही चोरी कुठवर पोचली ते कळायला हवं. ज्यांनी ज्यांनी हे पान उघडलं, त्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

"कारिदाद, तू?"

"मी कशाला उघडू? माझ्या आजीनं मला स्वप्नात येऊन शिकवलंय," कारिदाद पंख्याआडून म्हणाली.

"असेल. आज्या एकमेकींशी बोलतात वर. मग काप, पुढचा विषय घ्या. ठरावाला कुणाची हरकत?"

हरकत कुणाचीच नव्हती. कारिदादनं तर अनुमोदनही दिलं, आणि तेही घाईघाईनं.

जत्रेत त्या वर्षी सगळ्या बिबिंका चवीला सख्ख्या बहिणी निघाल्या. परीक्षकांनी बराच वेळ खाल्लं, पुन्हा खाल्लं, आणि "आपल्या मातीची चव" असं म्हणून अखेर चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी कारिदादची निघाली. लोकांना वाटलं, तिबा आता रडेल. तिबा टाळ्या वाजवत होती, सगळ्यांत जास्त.

चषक आता कारिदादच्या पुढच्या खोलीत असतो, काचेच्या कपाटात, तिच्या आईच्या फोटोशेजारी. त्यावर ठसठशीत अक्षरांत लोला इतांगचं नाव आहे. बाळांची वजनं करायला जाताना तिबा मुद्दाम त्या गल्लीतून वळते आणि खिडकीशी घुटमळते. कारिदाद आत नाकाला रुमाल बांधून चषकावरची धूळ पुसत असते.

"नीट पूस गं," तिबा म्हणते. "कोपऱ्यातसुद्धा."