जपान्याचा हार

"चला, पुढं सरका, दार सोडा!" खोलीत आपण एकटेच उभे असलो तरी कंडक्टर असंच ओरडायचे. उभी हयात एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस, निवृत्त झाला म्हणून सवय थोडीच जाते!

मिरजगावात त्यांचं घर आमच्या शेजारीच. बाहेरच्या खोलीवर पाटी होती, 'जपानी लेखकाचे संग्रहालय'. हसू नका, मीही आधी हसलो होतो. आत एक कागदी पंखा, चहाची वाटी, लाकडी खडावा आणि कुठल्या काळी होऊन गेलेल्या त्या लेखकाची तसबीर. कंडक्टरांनी त्याची एक ओळ वाचलेली नव्हती. त्यांचा एकुलता एक मुलगा तिकडे जपानात कारखान्यात होता. सुट्टीला तो त्या लेखकाच्या लहानशा संग्रहालयात जाऊन बसायचा आणि फोनवर बापाला सगळं सांगायचा.

मग कारखान्यात अपघात झाला. पांढऱ्या कापडात बांधलेल्या अस्थी आल्या आणि बॅगेतून हे सामान आलं. अस्थी कंडक्टरांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, भावाने नदीत सोडल्या. कंडक्टर गेलेच नाहीत.

फुलवाली रोज सकाळी एक हार ठेवून जाई. कंडक्टर तो जपान्याच्या तसबिरीला घालत. "गेलेल्या मानसाला हार नको व्हय?" शेजारीच मुलाचा फोटो, तिथल्या संग्रहालयाच्या फाटकाशी उभा, उन्हाने डोळे बारीक केलेला. त्याला हार नाही.

"ह्यो आमचा पोरगा. तितंच असतो."

असतो! साऱ्या गावाला ठाऊक होतं, पण बोलणार कोण?

एकदा माझ्यादेखत काकूच बोलल्या. "आवं, येकदा हार घाला त्येला. मला रडू तरी द्या."

कंडक्टरांनी मान वर केली नाही. "पुढं सरक. दार सोड," म्हणाले, अगदी हळू.

या वर्षी कंडक्टर गेले. दहावं झाल्यावर मी सकाळी गेलो. त्यांच्या फोटोला पाहुण्यांनी घातलेला जाडजूड हार होता. तेवढ्यात दहा दिवस न आलेली फुलवाली नेहमीचा हार ठेवून गेली. जपान्याच्या गळ्यात कंडक्टरांनी घातलेला शेवटचा हार वाळून गेला होता. काकू नवा हार घेऊन स्टुलावर चढल्या आणि त्यांनी तो मुलाच्या फोटोला घातला.

"लई ताटकळलं रं माझं लेकरू," म्हणाल्या आणि त्यांनी असा हंबरडा फोडला की आळीतल्या बायका धावत आल्या. दारात ही गर्दी झाली. पुढं सरका म्हणायला कोणी नव्हतं.